शेवंताच्या नावावरचं औषध

दिल्लीतल्या पालमच्या त्या गल्लीत सगळे तिला जगदाळेसाहेब म्हणायचे. फौजेत कारकुनी करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, नोएडात एका वृत्तवाहिनीच्या इमारतीत सुरक्षा सुपरवायझर, इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आधार कार्डावर नाव मल्हारी गुलाबराव जगदाळे. लोकांची काही चूक नव्हती, त्यांना जेवढं दाखवलं होतं तेवढंच ते ओळखत होते. पण आत, जिथं कुणालाच जाता येत नव्हतं तिथं, या माणसाचं नाव रेवती होतं, आणि ते लहानपणापासून होतं.

पारनेर तालुक्यातल्या त्यांच्या गावात, सात-आठ वर्षांची असताना, एकदा आईनं घरातून हाक मारली आणि तिनं अंगणातून ओरडून सांगितलं, ‘येते गं.’ ओट्यावर गुलाबराव बसले होते. त्यांनी जवळ बोलावलं आणि कानाखाली दिली. ‘येतो म्हणायचं.’ त्या दिवसापासून तोंडानं येतो आणि मनात येते. मराठीत हे फार कठीण पडतं. साधं जेवलो म्हणायचं की जेवले, एवढं बोलतानाही माणसाला आपण कोण ते सांगावंच लागतं. पुढं नोकरीत हिंदी आली, तिच्यातही सुटका नव्हती. रेवती कमी बोलायला लागली. फौजेत तो गुण समजला गेला. जगदाळे गप असतो, काम चोख करतो, असा वर साहेबांचा शेरा.

लग्न घरच्यांनी लावलं. शेवंता शेजारच्या गावची, बोलकी, हसरी. रेवतीनं तिला कधी दुखवलं नाही. दारू नाही, हात उचलणं नाही, पगार हातात आणून द्यायचा. क्वार्टरमधल्या बायका शेवंताला म्हणायच्या, तू नशीबवान. शेवंताही मान हलवायची. पण एकदा जबलपूरला असताना, मुलगी कादंबरी जेमतेम चालायला लागली होती तेव्हा, भाजी निवडता निवडता ती सहज म्हणाली होती, ‘तुम्ही घरात असता, पण इथं नसता.’ रेवतीनं निवडलेली भाजी उचलून धुवायला नेली.

अशी वर्षं गेली. कादंबरी मोठी झाली, गुरुग्राममध्ये नोकरीला लागली, तिथंच मैत्रिणींबरोबर राहू लागली. निवृत्तीनंतर गावी परतायचं ठरलं होतं ते तसंच राहिलं, आणि पालमच्या दोन खोल्यांत नवरा-बायको दोघंच उरली.

मग एके दुपारी वाहिनीच्या चर्चेला एक बाई आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, केस पिकलेले. ओळखपत्रावर पुरुषाचं नाव. गेटवरचा गार्ड फिसकन हसला. रेवतीनं त्याला बाजूला केलं आणि त्या बाईंना स्वतः वर स्टुडिओत नेऊन सोडलं. लिफ्टमध्ये दोघीच. बाई एवढंच म्हणाल्या, ‘थँक यू, भैया.’ नंतर रेवती स्टुडिओच्या दाराशी उभी राहून ऐकत होती. बाई सांगत होत्या की आता पुरुषाचं शरीर बाईसारखं करणाऱ्या या हार्मोनच्या उपचारासाठी शहर शहर भटकावं लागत नाही. डॉक्टर व्हिडिओवर भेटतात, तपासण्या जवळच्या लॅबमध्ये होतात, औषध आपल्या गल्लीत मिळतं. चाळिशीनंतरही लोक येतात, असंही म्हणाल्या. चर्चा संपेपर्यंत रेवतीनं दाराचं हँडल सोडलं नाही.

बरेच दिवस तिनं नुसतं फोनवर वाचलं. मग धीर केला.

जागेचा प्रश्न होता. घरी शेवंता. कंट्रोल रूममध्ये सतत कुणी ना कुणी. पण इमारतीचा चौथा मजला कंपनीनं रिकामा केला होता आणि त्याच्या किल्ल्या रेवतीकडेच असत. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या खुर्च्या, छताला लोंबणाऱ्या वायरी, काचेपलीकडे नोएडाचा एक्सप्रेसवे. राउंड मारायला जातोय, असं सांगून ती वर जायची. आधी एका मानसोपचारतज्ज्ञांशी चार-पाच वेळा बोलणं झालं. त्यांनी शांतपणे, घाई न करता सगळं विचारून घेतलं आणि पुढं पाठवलं. मग डॉ. कुमुद पाटणकर. पुण्याच्या. चष्मा डोक्यावर सरकवलेला, मागं पुस्तकांचं कपाट.

‘मी तुम्हाला काय म्हणू?’ त्यांनी सुरुवातीलाच विचारलं.

‘रेवती.’

‘बरं, रेवती. सध्या काय औषधं चालू आहेत?’

‘बीपीची गोळी घेते,’ ती म्हणाली, आणि तिला फोन खुर्चीवर ठेवून थोडा वेळ खिडकीकडे जावं लागलं. घेते. इतका साधा शब्द. डॉक्टर थांबल्या. त्यांना हे नवं नसावं.

डॉक्टरांचं बोलणं मात्र स्पष्ट होतं. वय सत्तेचाळीस, बीपी, त्यात सिगारेट. ‘तुम्हाला पोटातून घ्यायचं इस्ट्रोजेन, म्हणजे बाईचं हार्मोन, मी देणार नाही. रक्ताच्या गुठळीचा धोका असतो. दंडाला लावायचं जेल देते, कमी डोस. सिगारेट आजपासून बंद. रक्ततपासणी मी सांगेन तेव्हा करायची. आणि इंटरनेटवर वाचून स्वतःच्या मनानं काही घ्यायचं नाही. काही अडलं तर मला मेसेज करायचा. कबूल?’

‘कबूल.’

औषध घेताना पहिला खोटेपणा झाला. गल्लीच्या तोंडाशी श्यामजींचं औषधाचं दुकान होतं. रेवतीनं फोनमध्ये फक्त औषधाचं नाव मोठं करून दाखवलं. श्यामजींनी चष्म्यावरून पाहिलं. ‘मॅडम के लिए? उम्र हो जाती है तो डॉक्टर यही देते हैं.’ रेवती म्हणाली, ‘हाँ जी.’ ते इतकं सोपं होतं, की पुढच्या वेळी तिला त्यात खोटं वाटलंही नाही.

बदल हळूहळू होत गेले. कातडी मऊ पडली, छातीत दुखरेपणा आला, घामाचा वास बदलला. पण खरं सुख निराळंच होतं. आयुष्यभर डोक्यात काहीतरी घरघरत होतं आणि ते घरघरतंय हेच तिला माहीत नव्हतं. ते थांबल्यावर कळलं. मेट्रोत उभ्या उभ्या तिला लोकांचे चेहरे दिसायला लागले. शेवंतासुद्धा एकदा म्हणाली, ‘आजकाल बरं वाटतंय का तुम्हाला? भांडी घासताना गुणगुणत होतात.’

शेवंताला सांगायचं होतंच. डॉक्टरही दर खेपेला विचारायच्या, घरी कोणाला माहीत आहे? रेवती म्हणायची, सांगणार आहे. दिवाळीनंतर सांगेन. कादंबरी येऊन गेली की सांगेन. मैत्रिणीला सांगावं तसं शेवंताला सांगता येईल, असंही तिला कधीकधी वाटे, आणि मग लगेच उमगे की शेवंताचा यात नवरा जातो, तिला मैत्रीण नको आहे.

मग जेल मिळेनासं झालं. श्यामजी म्हणाले, कंपनीकडूनच माल येत नाही. रेवती नोएडात तीन-चार दुकानं फिरली. एका ठिकाणी काउंटरवरच्या पोरानं फोन हातात घेऊन पूर्ण प्रिस्क्रिप्शन वाचलं आणि मोठ्यांदा म्हणाला, ‘इसमें तो मेल लिखा है, मतलब आदमी.’ मागं रांगेत माणसं होती. ती फोन घेऊन निघून आली, त्यानंतर दुकानांत जायचं तिनं सोडलं.

डॉक्टरांना मेसेज करायला हवा होता. तेवढं सोपं होतं. पण मधल्या काळात सिगारेट पुन्हा सुरू झाली होती, एखाद-दुसरी, आणि डॉक्टरांना ते कळलं तर त्या सगळंच थांबवतील ही भीती. दुसरीकडे डोक्यातली घरघर परत आली होती. एकदा थांबून परत आलेली, म्हणून आता ती सहन होईना. फोनवरच्या एका ग्रुपमध्ये कुणीतरी लिहिलं होतं की आम्ही तर वर्षानुवर्षं गर्भनिरोधक गोळ्यांवर काढली, त्यांतही इस्ट्रोजेनच असतं. त्या गोळ्यांना कुणी कागद मागत नाही, कुणी तोंडाकडेही बघत नाही. पुढच्या व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांनी विचारलं, ‘जेल मिळतंय ना?’ रेवती म्हणाली, ‘मिळतंय.’ ज्या एका माणसापाशी तिला कधी खोटं बोलायची गरज नव्हती, त्याच माणसाशी ती खोटं बोलली.

काही आठवड्यांनी डावी पोटरी दुखायला लागली. दिवसभर उभ्याचं काम, म्हणून असेल. शेवंता संध्याकाळी कोमट तेल घेऊन बसायची आणि पोटरी चोळून द्यायची. ‘सुजलीय हो. डॉक्टरकडं जाऊन या.’ ‘जातो,’ रेवती म्हणायची. शेवंताच्या त्या तेलकट बोटांकडे बघताना तिला आत कुठंतरी कळत होतं, गुठळी हा शब्दही आठवत होता, आणि ती तो मागं ढकलत होती.

पालम स्टेशनच्या जिन्यावर, सकाळी कामाला निघालेली असताना, तिचा श्वास अडकला. छातीत सुरी खुपसावी तसं झालं. ती कठड्याला धरून खाली बसली. लोक बाजूनं जात राहिले, मग मेट्रोच्या एका जवानानं ओळख पटून धाव घेतली आणि शेवंताला फोन लावला.

इमर्जन्सीमध्ये एक तरुण डॉक्टर होता, रात्रपाळी संपवून थकलेला. पायाची सोनोग्राफी झाली, छातीचा स्कॅन झाला. पायातल्या गुठळीचा तुकडा फुप्फुसात गेला होता. लहान होता, म्हणून जीव वाचला. डॉक्टर खाटेशी येऊन विचारू लागला, ‘कोई दवा चल रही है?’

शेवंता उशाशी उभी होती. तिनंच उत्तर दिलं, ‘बीपी की गोली. बस.’

‘और कुछ? ऐसे बिना वजह क्लॉट नहीं बनता. सोच के बताइए, बहुत ज़रूरी है.’

रेवतीनं शेवंताकडे पाहिलं. शेवंताच्या केसांत घाईनं खोचलेली पिन तिरकी झाली होती. तिला बाहेर पाठवता आलं असतं, पाणी आण म्हणून. पण छातीत पुन्हा कळ आली, आणि रेवतीला एकदम सगळ्या सांभाळण्याचाच थकवा आला.

‘गर्भनिरोधक गोली,’ ती म्हणाली. ‘दो-तीन महीने से. मैं लेती हूँ. उसके पहले हार्मोन का जेल लगाती थी. डॉक्टर ने दिया था. गोली मैंने अपने मन से ली.’

डॉक्टरचं पेन क्षणभर थांबलं, मग त्यानं लिहून घेतलं. ‘अच्छा किया बता दिया. गोली आज से बंद,’ तो म्हणाला आणि नर्सला इंजेक्शनचं सांगून पुढच्या खाटेकडे गेला. मागं उभ्या वॉर्डबॉयनं दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

शेवंता ‘लेती’ आणि ‘लगाती’ हे दोन शब्द ऐकून तशीच उभी राहिली. दवाखान्यात होते तितके दिवस ती डबा आणायची, पांघरूण नीट करायची, सोनारानं दागिना तपासावा तसं मध्येच रेवतीच्या तोंडाकडे बघत राहायची.

कादंबरी आली ती रजा टाकून. बिलाचं, कागदपत्रांचं तिनंच सगळं बघितलं. आईकडून अर्धंमुर्धं ऐकलं होतं. घरी सोडण्याच्या दिवशी ती खाटेच्या कडेला बसली.

‘पप्पा, एक सांगा. किती दिवसांपासून?’

‘पहिल्यापासून.’

‘म्हणजे मी व्हायच्या आधीपासून?’

‘हो.’

कादंबरी बराच वेळ नखांवरचा रंग खरवडत राहिली. ‘मला राग कशाचा आलाय तेच कळत नाहीये, यार. ऑफिसमध्ये मी असल्या लोकांच्या बाजूनं बोलते. बिल्कुल नॉर्मल आहे म्हणते. आणि इथं माझ्या घरात…’ तिचं वाक्य तिथंच राहिलं. ‘तुम्ही मेला असता. हे तरी कळतंय ना तुम्हाला?’

ती गुरुग्रामला परत गेली आणि नंतर फक्त आईला फोन करू लागली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी शेवंता रक्त पातळ करायच्या गोळ्या आणायला श्यामजींकडे गेली. परत आली ती चप्पल न काढताच टेबलापाशी आली. पिशवीतून गोळ्यांच्या पट्ट्या काढून ठेवल्या, आणि मग एक पांढरा-निळा खोका.

‘श्यामजी म्हणाले, मॅडम, आपका जेल आ गया. साहब कब से पूछ रहे थे.’

रेवतीनं गोळ्यांच्या पट्ट्या एकीवर एक रचल्या.

‘मी म्हटलं, अच्छा. पैसे दिले आणि घेतलं. काय करणार होते? दुकानात चार लोक होते.’ शेवंताचा आवाज चढला नव्हता. ‘म्हणजे इतके दिवस मी त्या दुकानात खोकल्याचं औषध आणायला जायची, तेव्हा त्यांना माझं काय काय माहीत होतं. अहो, माझी पाळी गेली ना मागच्या वर्षी, मी कुणाला सांगितलं नव्हतं. कादंबरीला नाही, तुम्हाला पण नाही. अंगातून वाफा निघायच्या तर गॅलरीत जाऊन उभी राहायची. आणि तुम्ही दुकानदाराला सांगितलंत.’

‘मला माहीत नव्हतं,’ रेवती म्हणाली. ‘चूक झाली.’

‘कुणाची?’

चूक झाली, या वाक्यात बोलणाऱ्याला लपून राहता येतं. रेवतीला ते ठाऊक होतं, आयुष्यभर ती असल्याच वाक्यांत राहिली होती.

‘माझी,’ ती म्हणाली. ‘मी तुझ्याशी खोटं बोलले.’

‘बोलले,’ शेवंतानं तो शब्द पुन्हा उच्चारला, जणू तोंडात कसा लागतो ते पाहत होती. मग चपला काढल्या आणि आत गेली. जेलचा खोका तिनं आपल्या कपाटात ठेवला आणि किल्ली लावली. त्या रात्रीपासून तिचं अंथरूण दुसऱ्या खोलीत गेलं.

डॉ. कुमुदना रेवतीनं घरूनच व्हिडिओ लावला. लपायला आता काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या, पण आवाज न चढवता. ‘सिगारेटचं कळलं असतं तर मी थांबवलं असतं, हो. पण काही काळापुरतं. तुम्ही मला सोडून ग्रुपवरच्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवलात. मला तुमचं फक्त तेवढंच दिसतं, जेवढं तुम्ही या चौकोनात दाखवता.’ आता सगळं बंद. रक्ताच्या तज्ज्ञाला भेटायचं, त्यांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय जेलचं नावही काढायचं नाही.

‘किती दिवस?’

‘महिने. कदाचित बरेच.’

ओट्यापाशी शेवंता कणीक मळत होती. पाण्याचा नळ बंद झाला. ती पिठाच्या हातांनी येऊन फोनसमोर उभी राहिली.

‘डॉक्टर, मी ह्यांची मिसेस. एक विचारू? हे कायमचं बंद केलं, तर सगळं पहिल्यासारखं होईल?’

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. ‘शरीर बरंचसं होईल. माणूस नाही होणार.’

‘म्हणजे पहिलं जे होतं ते पण खरं नव्हतंच.’

‘ते मला नाही सांगता येणार, शेवंताताई. ते तुम्ही दोघींनी ठरवायचं.’

‘दोघींनी’ ऐकून शेवंताचा चेहरा आवळला. ‘ह्यांचं तुम्ही बघताय,’ ती म्हणाली. ‘तपासण्या, गोळ्या, सगळं. माझं काय?’

डॉक्टरांचा चष्मा पुन्हा डोक्यावर सरकला.

‘त्याला माझ्याकडे औषध नाही,’ डॉ. कुमुद म्हणाल्या. ‘बोलायला एक चांगल्या बाई आहेत. त्यांचा नंबर देते. तुम्ही एकट्याच बोला, ह्यांना न सांगता बोललात तरी चालेल.’

‘बोलून काय होतं?’

‘काही वेळा काहीच होत नाही.’

शेवंता मान हलवून परत ओट्याकडे गेली. नंबर तिनं घेतला की नाही, रेवतीला कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

ते महिने वाईट गेले. घरघर पहिल्यापेक्षा मोठी होऊन परतली. सकाळी ती आरशाकडे न बघता दाढी करायची. कामावर ती रुजू झाली, खुर्चीत बसून कॅमेऱ्यांचे पडदे बघायचं काम मिळालं. सिगारेट मात्र सुटली ती सुटली. घरात दोघींचं बोलणं भाजी आणि गॅस सिलेंडरपुरतं उरलं. तरी जेवणाच्या वेळी रक्त पातळ करायची गोळी ताटाशेजारी ठेवलेली असायची, एकदाही चुकली नाही. शेवंता ‘अहो’ म्हणायची ती ‘अहो’च म्हणत राहिली. त्या हाकेत बाई-पुरुष काहीच नाही हे तिच्या ध्यानात आलं होतं, की नुसती सवय, कोण जाणे.

दसऱ्यानंतर रक्ताच्या तज्ज्ञानं परवानगी दिली. अगदी कमी डोस, तोही देखरेखीखाली. रेवतीनं ते शेवंताला सांगितलं. शेवंतानं कपाट उघडलं, खोका टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘मी गावाला जाते. दादाकडं.’

‘कधी येशील?’

‘ते ठरवूनच गेलं पाहिजे का?’

रेवती तिला निजामुद्दीन स्टेशनवर सोडायला गेली. गाडी सुटेपर्यंत दोघी डब्यापाशी उभ्या होत्या. पाण्याची बाटली घेतलीस का, चार्जर घेतलास का, एवढंच.

डिसेंबरच्या एका रविवारी शेवंताचा फोन आला. मागं कुणाची तरी पोरं ओरडत होती.

‘थंडी आहे का तिकडं?’

‘खूप. धुकं पडतंय.’

‘तपासणी केली?’

‘केली. बरी आली.’ रेवती थांबली. ‘गावात काय सांगितलंस?’

‘ह्यांच्या छातीत गुठळी झाली होती, आता बरं आहे. तेवढंच.’

‘कादंबरीचा फोन येतो का?’

‘येतो. परवा तुमची चौकशी करत होती. तुम्हाला करेल म्हणाली नाही, उगीच खोटं कशाला सांगू.’

‘नको सांगूस.’

पोरांचा आवाज दूर गेला. शेवंता बहुधा मागच्या अंगणात आली असावी.

‘संक्रांतीपर्यंत मी इथंच आहे,’ शेवंता म्हणाली. ‘पुढचं नाही माहीत. गोळी चुकवू नका.’

‘नाही चुकवणार,’ रेवती म्हणाली. फोन बंद झाल्यावर ती उठली, ताट वाढून घेतलं आणि त्याशेजारी गोळी ठेवली.